फुकटचा खांदा

उत्तमरावांच्या धाकट्या लेकीला, प्रेमाला, जुळी लेकरं झाली ते साल फसली तेराशे सत्तेचाळीस. इंग्रजी हिशोबानं एकोणीसशे अडतीस. बाळंतपण कुरुंद्याला माहेरीच झालं. सव्वा महिना पुरा होऊन प्रेमा दोन्ही लेकरं घेऊन सासरी गेली, त्या दिवशी द्वारकाबाईंनी रिकामा पाळणा भिंतीला टांगला, हात धुतले आणि ओसरीवर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, "आता मला हैद्राबाद दाखवा."

उत्तमराव तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा जागच्या जागी थांबला. "हैद्राबाद? तिथं आपलं कोन हाय?"

"कुनी न्हाई म्हनूनच. जिथं कुनी हाय तिथं मी आजवर बाळंतपनाला गेले, न्हाई तर मयताला गेले. आता नुसतं बघाया जायचं."

हळद खणून झाल्यावर रानात मागं राहिलेल्या हळकुंडांचा सरवा द्वारकाबाई दरसाल वेचत. चार वर्षांच्या सरव्याचं त्यांनी जे गाठीला बांधलं होतं, त्यात दोघांचं रेल्वेचं जाणं-येणं बसत होतं. त्यापलीकडं काही बसत नव्हतं. म्हणून उत्तमराव सल्ला घ्यायला गुलाबचंदाच्या दुकानी गेले. गुलाबचंद हळदीचा व्यापारी. वर्षातून दोनदा तो हैद्राबादेला जाऊन येई, त्यामुळं त्या शहराबद्दल गावात त्याचाच शब्द चाले.

"सेठ, पैशाबगर काय बघाया मिळतंय तिथं?"

"सगळंच," गुलाबचंद गादीवर सरसावून बसला. "चारमिनार बघाया पैसा न्हाई. बागे-आम म्हनून सरकारी बाग हाय, तिथं वाघ हाय, तो फुकट. पत्थरगट्टीची दुकानं बाहेरून फुकट, आतून म्हाग. आन हुसेनसागर तलाव. दिवेलागनीला त्या बांधावर हुबं ऱ्हायचं. बिजलीचे दिवे, या टोकापासनं त्या टोकापर्यंत, एका दमात लागतेत. कुनी काडी लावत न्हाई, कुनी तेल घालत न्हाई. ते बघितलं की मग मानूस मेला तरी चालतंय."

उत्तमरावांनी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. द्वारकाबाईंनी चारमिनार ऐकला, वाघ ऐकला, दुकानं ऐकली. दिव्यांचं मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावलं. रोज संध्याकाळी चिमणीची काच राखेनं पुसणाऱ्या बाईला, एका दमात लागणारा दिव्यांचा बांध म्हणजे काय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटणार नव्हतं. "बाकीचं ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "तेवढे दिवे बघूनच येनार."

तीन दिवसांच्या दशम्या, लसणाची चटणी आणि दोन कांदे फडक्यात बांधून दोघं वसमतहून गाडीत बसले. पूर्णेला गाडी बदलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हैद्राबादेत उतरले. स्टेशनाबाहेरची माणसं पाहून उत्तमरावांना वाटलं, आज बाजाराचा दिवस दिसतो. धर्मशाळेच्या रखवालदाराला तसं विचारल्यावर तो त्यांच्याकडं बघतच राहिला. बाजार वगैरे काही नव्हता. रोजचंच होतं ते. द्वारकाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "आगं माय," त्या हळूच म्हणाल्या, "एवढ्यांला भाकरी कोन थापत आसंल?"

धर्मशाळा फुकट होती. तिथं कपड्यांचं गाठोडं ठेवून, दशम्या बरोबर घेऊन, दोघं विचारत विचारत चारमिनाराच्या वाटेला लागले. पुलाच्या अलीकडं आले तेव्हा नदीपलीकडं मिनारांची टोकं दिसायला लागली होती. द्वारकाबाईंचे पाय आपोआप भरभर पडू लागले. तेवढ्यात मागून ताशाचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ एक तिरडी.

उत्तमराव थांबले. पायातलं जोडं काढून त्यांनी बायकोच्या हाती दिलं. "प्रेमाचे माय, ह्या खांबाखाली बस जरा. आलोच."

"आवो, कुठं चाललात?"

"मयत चाललंय न्हाई का!"

कुरुंद्याची रीतच तशी होती. समोरून तिरडी गेली की माणसानं हातातलं काम टाकून उठायचं. मग पेरणी असो की जेवणाचं ताट असो. खांदा द्यायचा, मसणवट्यापर्यंत जायचं, चिता पुरती पेटेपर्यंत थांबायचं, अंघोळ करून ओल्या अंगानं परतायचं. जो उठला नाही त्याचं नाव गाव तीन पिढ्या काढी. कुरुंद्यात महिन्याकाठी एखादं मयत होई, म्हणून ही रीत परवडत होती.

द्वारकाबाई विजेच्या खांबाखाली बसल्या. शेजारी एक म्हातारी चुडीवाली टोपलं मांडून बसली होती. उत्तमराव तीन तासांनी आले. धोतरातून पाणी निथळत होतं.

"कोन व्हता?"

"तेलाचा दुकानदार व्हता म्हनं. लई भला मानूस."

"तुमाला काय ठावं भला व्हता का कसा?"

"रडनारी लई व्हती," उत्तमराव म्हणाले. "आन काय तो घाट, प्रेमाचे माय! काय तो तिथला जुना पूल! एकेक कमान आपल्या गावाच्या वेशीयेवढी. आन लाकडं अशी रचलेली की जंगलच आनून ठिवलंय."

धोतर वाळेपर्यंत थांबावं लागलं. ते वाळलं, दोघांनी एकेक दशमी खाल्ली, उठून चार पावलं टाकली, आणि मागून पुन्हा ताशा वाजला.

पहिल्या दिवशी तीन मयतं झाली. मिनारांची टोकं जिथल्या तिथं राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई नवऱ्याच्या पुढं चालू लागल्या, म्हणजे लवकर पूल ओलांडता येईल. खांबाजवळ पोचतात न पोचतात तोच समोरून जनाजा आला. उत्तमरावांनी जोडं काढलं.

"आवो, ही मुसलमानाची मय्यत हाय!"

"मंग? आपल्या शेजारच्या करीमला खांदा दिला न्हवता का मी? मानूस कंचाबी आसू दे, वजन तेवढंच लागतंय."

ते गेले. द्वारकाबाई पुन्हा खांबाखाली बसल्या. एव्हाना चुडीवालीशी त्यांची ओळख झाली होती. म्हातारीनं त्यांना पानाचा तुकडा दिला आणि विचारलं, "क्या अम्मा, मियाँ तुम्हारे मय्यत का काम करते क्या?"

"न्हाई माय. हळदीचं शेत हाय आमचं."

"फिर रिश्तेदार मरे क्या सब?"

"एकबी न्हाई. मानूस मेलं म्हनून जातेत."

चुडीवालीनं कपाळावर हात मारला. "अरे मेरी माँ! तुम कहाँ बैठे सो मालूम भी है? ये घाट का रास्ता है. आधे शहर के मुर्दे इधरीच से जाते. यहाँ बैठे तो क़यामत तक बैठेंगे!"

द्वारकाबाईंना हिंदी अर्धीच समजे, पण तेवढी पुरे झाली. हैद्राबादेत एवढे रस्ते आणि त्यांच्या नवऱ्यानं त्यांना नेमकं मसणवट्याच्या तोंडाशी बसवलं होतं! त्यांना आधी हसू आलं, मग रडू आलं. मग दोन्ही एकदम आलं, तेव्हा चुडीवालीनं आणखी एक पान दिलं.

उत्तमराव तिकडून आले ते आणखी एका हिंदू तिरडीला पोचवूनच. या खेपेला ते एकटे नव्हते. एका दांडग्या, पांढऱ्या मिशांच्या माणसानं त्यांचं मनगट धरलं होतं.

"ये आदमी तुम्हारा है क्या, बाई?"

"माझाच हाय. काय केलं त्यांनी?"

"मेरा धंदा डुबाया!"

तो माणूस अमरसिंग, खांदेकऱ्यांचा मुकद्दम. हैद्राबाद एवढी मोठी की इथं एकट्यादुकट्यानं मरणारेही पुष्कळ. ज्यांना चार खांदे नाहीत त्यांचे घरमालक नाहीतर दूरचे नातलग अमरसिंगाकडं येत, आणि अमरसिंग माणसं लावून मयत पोचवी. आज एका शेटजीच्या मुनिमासाठी त्यानं चार माणसं लावली होती. वाटेत उत्तमराव घुसले आणि खांदा बदलीनात. घाटावर शेटजीनं चौघांना पैसे वाटले तेव्हा पाचवी चवली उत्तमरावांच्या हातावर ठेवली. उत्तमरावांनी ती निखाऱ्यासारखी खाली टाकली.

"मी काय चुकीचं बोललो?" उत्तमराव बायकोला सांगू लागले. "मी म्हनलं, मयताचे पैशे घेनाऱ्याच्या हातचं आमच्या गावात कुनी पानी पीत न्हाई. एवढंच बोललो."

"एवढंच!" अमरसिंग कडाडला. "इतना सुनके सेठ बोलता, ये बेचारा मुफ्त में उठाता, फिर तुम कायको लेते? अब कल से सबकू मुफ्त का कंधा होना! दो दिन में पाँच मय्यतें उठाया ये. किस मोहल्ले का है, किसने भेजा, पूछा तो बोलता, कुरुंदा! ये कुरुंदा है किधर?"

"वसमतच्या पल्याड," उत्तमराव नम्रपणे म्हणाले.

द्वारकाबाई उठल्या. पदर खोचला. दोन दिवस खांबाला टेकून त्यांच्या पाठीला रग लागली होती; ती सगळी रग आता जिभेवर आली.

"मुकद्दम, तुमचं बराबर हाय. पन तुमी दोन दिस बघून राहिले, मी तीस वर्सं बघून राहिले. यांना तुमी मारा, कोंडा, कायबी करा, तिरडी दिसली की हे जानार. तवा तिरडी दिसनारच न्हाई आसं करा. सारं शहर तुमच्या पायाखालचं. जिकडून मयत जात न्हाई असल्या गल्ल्यांनी आमाला उद्या फिरवा. चारमिनार दाखवा, वाघ दाखवा, तलावाचे दिवे दाखवा. परवा सकाळच्या गाडीनं आमी जातो. तुमचा धंदा तुमाला, माझी हैद्राबाद मला."

चुडीवालीनं याचं हिंदी करून सांगितलं, तिच्या पदरचं थोडं घालूनच. अमरसिंगानं मिशीवरून हात फिरवला. रोज अडीच मयतांचं नुकसान सोसण्यापेक्षा एक दिवस पाय झिजवणं त्याला स्वस्त वाटलं.

"और ये आदमी?" त्यानं उत्तमरावांकडं बोट केलं.

द्वारकाबाईंनी दशम्यांचं फडकं नवऱ्यापुढं धरलं. "ह्या अन्नावर हात ठिवा. उद्या कुनाच्याबी मयताला जानार न्हाई म्हना."

उत्तमरावांनी हात धोतराला पुसला. आयुष्यात असली शपथ त्यांनी घेतली नव्हती. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. "न्हाई जानार," ते पुटपुटले.

तिसरा दिवस उजाडला आणि हैद्राबाद द्वारकाबाईंच्या पुढ्यात येऊन पडली. अमरसिंगासारखा वाटाड्या नबाबालाही मिळाला नसता. चाळीस वर्षं खांद्यावर ओझं घेऊन फिरलेला माणूस. कुठल्या गल्लीत सावली आहे, कुठं चढ लागत नाही, कुठं पाणी पाजतात, सगळं त्याच्या पायांना पाठ. कुठल्या वाड्यातून कोण निघालं हेही तो सांगत होता, फक्त ते सगळे आडवे निघालेले असत. "ये हवेली? बहुत भारी आदमी था. छह लोग लगे."

द्वारकाबाई चारमिनाराखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून बघता बघता त्यांचा पदर डोक्यावरून घसरला, तरी त्यांना कळलं नाही. पत्थरगट्टीला त्यांनी मोत्यांचे सर काचेतून पाहिले. दुकानदार आत बोलवायला लागला तेव्हा हात जोडून म्हणाल्या, "नको दादा, भाईरूनच लई झालं." बागे-आममध्ये वाघानं जांभई दिली, आणि उत्तमरावांनी त्याला नकळत नमस्कार केला. दशम्या खाल्ल्या त्या एका कारंज्याच्या कठड्यावर बसून. अमरसिंगालाही दोन दिल्या. चटणी खाऊन त्याच्या मिशांना घाम आला, पण त्यानं तिसरी मागून घेतली.

दिवसभर एकही तिरडी दिसली नाही. एकदा लांबून ताशा ऐकू आला, तसा अमरसिंगानं उत्तमरावांचा दंड धरून त्यांना एका अत्तराच्या गल्लीत ओढलं.

दिवस कलता कलता तिघं हुसेनसागराच्या बांधावर आले. एवढं पाणी द्वारकाबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, आभाळच कुणीतरी उतरवून इथं पसरून ठेवलंय. बांधावरून मोटारी, टांगे, सायकली जात होत्या. दोन्ही अंगांना खांब होते, आणि खांबांवर काचेचे गोळे, अजून विझलेले. द्वारकाबाई एका खांबापाशी थांबल्या. आता फक्त अंधार पडायचा होता.

आणि खैरताबादच्या बाजूनं तिरडी आली.

ताशा नव्हता, फुलं नव्हती, रडणारं कुणी नव्हतं. तीन माणसं तिरडी वाहत होती. मागच्या एका कोपऱ्याला खांदाच नव्हता, त्यामुळं तिरडी त्या बाजूला कलंडलेली, आणि दर दहा पावलांवर ती तिघं थांबून जागा बदलत होती. अमरसिंगाला पाहताच त्यांतला पुढचा ओरडला, "मुकद्दम! सुबह से कहाँ थे तुम? लावारिस की मय्यत है, दोपहर से पड़ी है. चौथा कंधा कौन देता?"

अमरसिंगाचा चेहरा पडला. दुसऱ्याचा फुकटचा खांदा चुकवता चुकवता त्याचा स्वतःचाच खांदा कमी पडला होता. त्यानं पागोटं घट्ट केलं आणि चौथा कोपरा उचलला.

उत्तमराव जागचे हलले नाहीत. त्यांनी जोडं काढलं होतं, पण पाय शपथेनं जमिनीला खिळले होते. ते तिरडीकडं बघत नव्हते, पाण्याकडं बघत होते.

द्वारकाबाईंनी तिरडीच्या मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात, जिथं गाडीतून उतरल्यापासून त्यांना पाय ठेवायला जागा मिळाली नव्हती, तिथं या एका माणसाच्या मागं मोकळा रस्ता पडलेला होता.

"उभे काहून राहिले?" त्या म्हणाल्या. "जावा की."

"शपथ हाय तुजी."

"घातली मीच, काढली मीच. जावा. मडकं कोन धरनार त्याच्या म्होरं?"

उत्तमराव धावले. एका खांदेकऱ्याच्या हातात लटकत असलेलं विस्तवाचं मडकं त्यांनी घेतलं आणि तिरडीच्या पुढं झाले. मग थबकून मागं वळले. "आन तू? तू हितं खांबाखाली..."

"खांबाखाली मी आता बसनार न्हाई!" द्वारकाबाई गरजल्या. "दोन दिस बसले. मीबी येते."

"बाया येतेत का मयताला?"

"कुरुंद्यात न्हाई येत. हितं कुनाला ठावं? आन त्याचं कोन हाय बोल लावाया?"

दशम्यांचं रिकामं फडकं काखेत मारून, नवऱ्याचं जोडं हातात घेऊन, त्या तिरडीच्या मागं चालू लागल्या. बांध अर्धा ओलांडला असेल नसेल, तेवढ्यात दिवे लागले.

एका दमात लागले. गुलाबचंद खोटं बोलला नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही अंगांना, आणि खाली पाण्यात पुन्हा तेवढेच. द्वारकाबाईंचे पाय थांबले नाहीत, कारण मयतामागं थांबायचं नसतं. त्या चालत राहिल्या आणि एकेक दिवा त्यांच्या दोन्ही बाजूंनी मागं जात राहिला. तिरडीवरचं पांढरं फडकं उजळून निघालं. समोरून येणारी एक मोठी मोटार कडेला थांबली, आतल्या साहेबानं टोपी काढली. एका टांगेवाल्यानं घोडा आवरला. पलीकडं एक शिपाई टाच जुळवून उभा राहिला. द्वारकाबाईंना वाटलं, सारी हैद्राबाद या माणसासाठी दिवे लावून उभी आहे. त्यांना बोलायचं होतं, पण बोलायला शेजारी कुणी नव्हतं. नवरा पुढं मडकं घेऊन चालला होता, आणि त्याच्या पागोट्यावरही उजेड पडला होता.

तलावाच्या पलीकडच्या मसणवट्यात लाकडं रचून झाली, तेव्हा लांब उभ्या राहिलेल्या द्वारकाबाईंनी विचारलं, "नाव काय याचं?"

खांदेकरी एकमेकांकडं बघू लागले.

"नावाबगर कसं जाळता? आमच्या गावी तरी सांगावं लागंल."

त्यांतल्या एकानं डोकं खाजवलं. "थावरा बोलते थे. सड़क की गिट्टी फोडता था. गाँव मालूम नहीं."

"झालं तर," द्वारकाबाई म्हणाल्या. "कळलं."

परतताना अमरसिंग बांधापर्यंत सोडायला आला. तिथं थांबून त्यानं पागोटं सैल केलं. मग त्यानं उत्तमरावांना म्हटलं, "तुम जल्दी जाओ यहाँ से, भाऊ. और दो दिन रहे तो मैं भी मुफ्त में उठाने लगूँगा."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं दोघं निघाले आणि कुरुंद्याला आले. वेशीबाहेरच्या विहिरीवर अंघोळ करूनच त्यांनी गावात पाऊल टाकलं. मारुतीच्या पारावर माणसं जमलेलीच होती. कुणी चारमिनाराचं विचारलं, कुणी वाघाचं. द्वारकाबाईंनी वाघाची जांभई करून दाखवली, तशी पोरं मागं सरकली. दिव्यांचं विचारलं तेव्हा त्या नवऱ्याकडं बघू लागल्या. नवरा त्यांच्याकडं बघू लागला.

"ते मागून," उत्तमराव म्हणाले. "आधी रीतीचं सांगू द्या."

मयताला जाऊन आलेल्यानं पारावर उभं राहून खबर द्यायची, अशी गावची रीत. माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांनी पागोटी काढली. उत्तमरावांनी घसा साफ केला आणि सांगितलं: थावरा, सडकेची खडी फोडणारा, हैद्राबादेत वारला, त्या सालच्या फाल्गुन वद्य अष्टमीला.